तांबड्या परांचा पाहुणा

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ. जिल्ह्यातल्या पाचही तालुक्यांच्या आठवडी बाजारांत मासळीची ओळ शोधायला पत्ता विचारावा लागत नाही. बाजाराच्या एका अंगाला, शक्यतो उताराकडे, ओल्या गोणपाटावर नाहीतर प्लास्टिकच्या घमेल्यांत माल मांडलेला असतो. बाजूला वजनकाटा आणि पायाखाली दाबलेली मोठी विळी. गिऱ्हाईक येते, कल्ला उचलून पाहते, बोटाने पोट दाबून पाहते आणि मग विचारते, ‘मावशी, राहू कसा लावला?’ उत्तरात भावाच्या आधी ठावठिकाणा येतो. ‘धरणाचा हाय भाऊ, आंध्राचा नाही.’

या बाजारात गोड्या पाण्यातला मासा म्हणजे मुख्यतः राहू. शेजारी मोठ्या डोक्याचा कटला असतो, निमुळता चंदेरी मृगळ असतो, खाली कोपऱ्यात चिलापीचा ढीग असतो, नशीब असेल तर जिवंत मरळ. पण दुकान चालते ते राहूवर. कुणी त्याला रोहू म्हणतो, कुणी रहू. पाटीवर खडूने लिहिताना तो बहुतेक वेळा ‘राहू’च होतो. त्याचा नवग्रहांतल्या राहूशी काही संबंध नाही. असता तर गिऱ्हाइकाने शांत करून मगच घरी नेला असता.

हा मासा हातात घेऊन नीट पाहावा. पाठ करडी, काळसर. पोट रुपेरी. अंगावरचे खवले मोठे, एकावर एक चढवलेले, आणि अंगाच्या मधल्या भागात पुष्कळ खवल्यांवर तांबूस छटा. डोके लहान, तोंड किंचित खाली वळलेले, ओठ जाड आणि कडेला बारीक झालरीसारखे कातरलेले. आता पोटाखालचे पर बोटांनी पसरायचे. करड्या रंगातून एक मळकट तांबडा उतरत टोकापर्यंत गेलेला दिसतो. कल्ल्यामागचे, पोटाचे, शेपटीजवळचे पर, सगळ्यांना कमीअधिक तोच रंग. पिठाच्या गोळ्यांवर वाढलेल्या तलावातल्या माशात तो फिकट गुलाबी असतो, मोकळ्या पाण्यातल्या जुन्या माशात विटकरीपर्यंत जातो. या रंगावरूनच माशाला नाव मिळाले आहे. नावाचा प्रवास मात्र माशाच्या प्रवासापेक्षा जुना आहे, आणि मराठवाड्यापुरते बोलायचे तर नाव आधी आले, मासा फार नंतर.

रोहित म्हणजे तांबडा

शाळेच्या कुठल्याही वर्गात एकदोन रोहित असतात, क्रिकेटच्या संघात तर असतोच. त्यातल्या फार थोड्यांना माहीत असते की आपल्या नावाचा अर्थ ‘तांबडा’ आहे. संस्कृतात रोहित आणि लोहित ही एकाच शब्दाची दोन रूपे. लोहितातून रक्ताचा, तांब्याचा, पुढे लोखंडाचा अर्थ निघाला. रुधिर हा शब्दही त्याच घराण्यातला. रोहित हे तांबड्या हरणाचे नाव होते, तांबड्या घोड्याचे होते आणि तांबड्या परांच्या माशाचेही. प्राकृतातून उतरता उतरता ते बंगालात रुई झाले, हिंदी मुलखात रोहू आणि इकडे राहू.

युरोपात, नद्या-तळ्यांच्या संथ पाण्यात एक लहानसा लाल परांचा मासा असतो. इंग्रज त्याला ‘रड’ म्हणतात. हा शब्द लाल रंगाच्या जुन्या इंग्रजी शब्दातून आला. जर्मन लोक त्यालाच ‘रोटफेडर’, म्हणजे लाल पिसाचा, म्हणतात. भाषाशास्त्रज्ञांनी मांडलेल्या वंशावळीत रड, रुधिर आणि रोहित एकाच धातूपाशी पोहोचतात. रड आणि राहू दोघेही कार्प गटातले असले तरी जवळचे भाऊबंद नव्हेत. हजारो मैलांच्या अंतरावर, एकमेकांना कधी न पाहिलेल्या कोळ्यांनी माशाच्या अंगावरची नेमकी एकच गोष्ट हेरली आणि तिला एकाच घरातला शब्द दिला. माशाला नाव देणारा माणूस त्याला पाण्यातून वर घेताना पाहतो. त्या क्षणी पर पसरलेले असतात.

भारतीय ग्रंथांत रोहित वारंवार भेटतो. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात कोणते मासे चालतात याची चर्चा आहे, तिथे हव्य-कव्यासाठी पाठीन आणि रोहित यांना मुभा दिली आहे. त्याहून गमतीचा उल्लेख चरकसंहितेत आहे. रोहित शेवाळ खातो आणि झोपत नाही, म्हणून तो अग्नी वाढवणारा, पचायला हलका आणि ताकद देणारा, असे तिथे सांगितले आहे. माशांना पापण्या नसल्याने ते झोपत नाहीत हा समज सहज होण्यासारखा आहे. शेवाळाचे निरीक्षण मात्र अचूक म्हणावे लागेल. राहूची पिल्ले सुरुवातीला पाण्यातले सूक्ष्म प्राणी खातात, पण मोठा राहू मुख्यतः वनस्पतीवर जगतो. पाण्यातले सूक्ष्म शैवाल, दगडाला चिकटलेले शेवाळ, कुजत चाललेली पाने हे त्याचे खाणे. ते झालरीचे ओठ दगडावरचे शेवाळ खरवडायला कामी येतात.

आणि तांबड्या रंगाचा धागाही इथेच कुठेतरी आहे. माशांच्या अंगावरचा पिवळा, नारिंगी, लाल रंग बऱ्याच अंशी कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यांतून येतो. मासा ती द्रव्ये स्वतः तयार करू शकत नाही, ती खाण्यातूनच मिळवावी लागतात, आणि पाण्यात ती तयार करणारी मुख्य वस्तू शैवालच. कोंडा आणि पेंडीवर पोसलेला राहू फिका का, याचे उत्तर बऱ्यापैकी इथे सापडते. ‘धरणाचा हाय’ म्हणणाऱ्या मावशींच्या हातातला पुरावा म्हणजे हाच रंग.

दख्खनमध्ये रोहित या नावाचा ठळक उल्लेख बाराव्या शतकातला आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मत्स्यविनोद नावाचे प्रकरण आहे. राजाने गळ कसा टाकावा, दोरी कशाची असावी, कोणत्या माशाला कोणते आमिष लावावे, इथपासून मासे समुद्रातले की नदीतले, खवल्यांचे की बिनखवल्यांचे अशी त्यांची विभागणी त्यात आहे. माशांच्या नावांत रोहित आहे. विसाव्या शतकात सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाने या प्रकरणाचा अभ्यास करून ते पुन्हा अभ्यासकांसमोर आणले. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, मराठवाड्याला अगदी खेटून. सोमेश्वराच्या गळाला लागलेला रोहित आजचा राहूच होता असे मात्र धरून चालता येत नाही. कारण राहू मूळचा गंगा, ब्रह्मपुत्रा आणि सिंधूच्या खोऱ्यांतला. गोदावरी आणि कृष्णेत तो माणसाने आणून सोडला. दख्खनच्या नद्यांत तेव्हाही दुसरा एक तांबूस परांचा, झालरीच्या ओठांचा मासा होता. त्याच्याकडे शेवटी यायचेच आहे.

आधुनिक शास्त्रात राहूची नोंद झाली १८२२ साली. फ्रान्सिस बुकानन-हॅमिल्टन हा ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर आणि सर्वेक्षक. बंगाल-बिहारच्या पाहणीत फिरता फिरता त्याने गंगेतले मासे गोळा केले, चित्रकारांकडून त्यांची चित्रे काढून घेतली आणि एडिंबरामधून ग्रंथ छापला. लॅटिन नावे देताना त्याने बाजारातलीच नावे उचलली. कटला, मृगळ, कालबासू आणि रोहिता. मूळ नाव ‘सायप्रिनस रोहिता’, आज ‘लेबिओ रोहिता’. त्यामुळे जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेत हा मासा काचेवर ठेवला, तरी त्याच्या चिठ्ठीवर एक संस्कृत विशेषण असते.

पूर्णेवरच्या दोन भिंती

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. पण त्याच्या पाण्याची वाटणी त्याआधीच ठरली होती. पूर्णा नदीवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही दोन धरणे १९६०च्या दशकात झाली. येलदरीची भिंत परभणीच्या जिंतूर तालुक्यात, पण तिच्या पाण्याची एक बाजू सेनगाव तालुक्याला लागते. येलदरीच्या पायथ्याशी साडेबावीस मेगावॉटचे वीजघर आहे. तिथून वीज करून सुटलेले पाणी खाली औंढा नागनाथ तालुक्यातल्या सिद्धेश्वरला अडते आणि मग कालव्यांनी परभणी, हिंगोली, नांदेडच्या शिवारांत जाते. उत्तरेला पैनगंगेवर, यवतमाळच्या सीमेवर, इसापूरचे धरण. मधून कयाधू वाहते, नर्सीला नामदेवांच्या गावावरून जाते आणि पुढे पैनगंगेला मिळते. उन्हाळ्यात तिच्या पात्रात बऱ्याच ठिकाणी डोहच तेवढे उरतात.

ही सगळी धरणे शेतीसाठी आणि विजेसाठी बांधली. मासा हे त्यांचे उपउत्पन्न. तरीही येलदरीसारख्या जलाशयाची एकूण क्षमता नऊशे दशलक्ष घनमीटरच्या वर आहे, आणि इतक्या पाण्यात काही ना काही वाढणारच. प्रश्न एवढाच होता की काय वाढवायचे. वाहत्या नदीतल्या पुष्कळ माशांना थांबलेले, खोल पाणी मानवत नाही. राहू, कटला आणि मृगळ या त्रयीला ते मानवते. शिवाय तिघांची खाण्याची जागा वेगवेगळी. कटला पाण्याच्या वरच्या थरात तोंड वर करून सूक्ष्म प्राणी टिपतो, राहू मधल्या थरात फिरतो, मृगळ तळाचा गाळ चाळतो. एकाच पाण्यातून तीन पिके काढण्याची ही सोय देशभरातल्या मत्स्यखात्यांना भावली, आणि राहू गंगेच्या खोऱ्यातून निघून जवळपास सगळ्या धरणांत पोहोचला.

पोहोचला, पण रुजला नाही. राहूला या पाण्यात खायला मिळते, तो वाढतो, मादीच्या पोटात गाभोळी भरते, आणि तिथेच गाडी अडते. अंडी घालायला त्याला पावसाळी पुराचे वाहते पाणी लागते. नदी फुगली, पाणी काठावरच्या उथळ शिवारात पसरले, गढूळ झाले, की नर-माद्या प्रवाहाविरुद्ध वर चढतात आणि तिथे अंडी सोडतात. अंडी पाण्यात अर्धवट तरंगतात. प्रवाह त्यांना खाली बसू देत नाही. धरणाच्या संथ पाण्यात हे घडत नाही. वरच्या अंगाला जोराचा पूर आला तर कधीमधी जमून जाते, पण त्यावर कुणी धंदा मांडत नाही. म्हणजे येलदरीत किंवा सिद्धेश्वरला पकडलेला राहू हा जवळपास नेहमीच कुणीतरी पिशवीतून आणून सोडलेला असतो. भोई त्याला मासा म्हणतात आणि हिशेब पिकाचा ठेवतात, ते बरोबरच आहे. पेरले तर उगवते.

मुंडीतली ग्रंथी

मग बियाणे यायचे कुठून? विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुख्य उत्तर होते: नदीतून. पावसाळ्यात बंगाल-बिहारच्या नद्यांत काठाला बारीक जाळी लावून नुकती जन्मलेली पिल्ले गाळून घेत. ती मातीच्या हंड्यांत भरून रेल्वेने दूरदूर पाठवत, आणि सोबतचा माणूस वाटभर हंडीतले पाणी हाताने ढवळत बसे, कारण हवा मिसळण्याचा दुसरा उपाय नव्हता. त्या गाळलेल्या पिल्लांत राहू किती आणि राहूला खाणारे किती, हे महिनाभराने कळायचे.

हे चित्र पालटले १९५७ मध्ये. कटक इथल्या केंद्रात हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्प माशांना पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन बंदिस्त पाण्यात अंडी घालायला लावली. १० जुलै हा दिवस आता देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात तो त्या प्रयोगाची आठवण म्हणून. युक्ती ऐकायला सोपी आहे. पूर आला की माशाच्या मेंदूखालची वाटाण्याहून लहान ग्रंथी स्राव सोडते आणि अंडी पक्व होऊन बाहेर पडतात. पूर आणता येत नसेल तर तो स्रावच आणायचा. मासळी बाजारात कापलेल्या माशांच्या मुंड्यांतून या ग्रंथी काढून शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवत, वेळ आली की पाण्यात खलून गाळून घेत. मादीला दोन मात्रा, मध्ये साधारण सहा तासांचे अंतर. नराला एकच, मादीच्या दुसऱ्या मात्रेच्या वेळी. आता तयार कृत्रिम संप्रेरकाच्या बाटल्या मिळतात आणि एका टोचणीत काम होते.

या कामात पर पुन्हा उपयोगी पडतात, यावेळी रंगासाठी नव्हे. हंगामात नर कोणता आणि मादी कोणती हे ओळखायला केंद्रावरचा माणूस मासा पाण्यातच धरून कल्ल्यामागच्या परावरून अंगठा फिरवतो. नराचा पर खरखरीत लागतो, मादीचा गुळगुळीत. मग पोट पाहायचे. मादीचे पोट फुगीर आणि मऊ, नराचे पोट हलके दाबले की दुधासारखा थेंब येतो. हे काम वेगाने आणि ओल्या हाताने करावे लागते. कोरड्या हाताने धरले की माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि पुढे बुरशी लागते.

अंडी आल्यावर त्यांना गोल फिरत्या पाण्याच्या टाकीत ठेवतात. या टाक्यांना सगळीकडे चायनीज हॅचरी म्हणतात. तळाशी तिरक्या बसवलेल्या तोट्यांतून पाणी सुटते आणि गोल गोल फिरत राहते, म्हणजे अंडी तळाला बसत नाहीत. नदीचा पूर सिमेंटच्या टाकीत फिरवलेला असतो. चौदा ते अठरा तासांत अंडी फुटतात. बाहेर आलेला जीव तीन दिवस पोटाखालच्या पिवळ्या पिशवीवर जगतो, नंतर तोंड उघडतो.

जिरे, बीज, बोटुकली

या तीन दिवसांच्या पिल्लाला मराठीत ‘मत्स्यजिरे’ म्हणतात आणि पाण्यात हात घालून ते ओंजळीत घेतले की नाव पटते. पंधरा-वीस दिवसांत इंचभराच्या आसपास झाले की ते बीज. पुढे अर्धबोटुकली आणि दोन-तीन महिन्यांनी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी. सरकारी कागदावर, ठेक्याच्या करारात आणि बांधावरच्या बोलण्यात हे चारही शब्द जसेच्या तसे चालतात.

धंद्याचे सगळे नशीब या चार पायऱ्यांवर ठरते. एक किलो वजनाची मादी दोन-तीन लाख अंडी देते. जिऱ्यांतून बीज होताना त्यातला मोठा वाटा बेडूक, पाणकिडे आणि दुसरे मासे खातात किंवा पाणी बिघडून जातो. म्हणून संगोपनाच्या तळ्यात आधी शेणखत टाकून पाणी हिरवे करतात, पाणकिड्यांवर तेल आणि साबणाचे मिश्रण फिरवतात. मोठ्या धरणात तर जिरे किंवा बीज सोडण्यात काही अर्थच नसतो. तिथे मरळ आणि शिंगट्यासारखे शिकारी टपलेले असतात. निदान तीन-चार इंचांची बोटुकली सोडली तर ती तग धरते. बोटुकली महाग, बीज स्वस्त. कागदावर संख्या भरायची असेल तर बीज परवडते. कोणत्या जलाशयात नेमके काय सोडले जाते यावर पुढच्या उन्हाळ्याचे ताट ठरते.

ऑगस्ट-सप्टेंबरात, धरणाचा सांडवा थांबला की, टेम्पो येतात. प्लास्टिकच्या पिशवीत एक हिस्सा पाणी, दोन हिस्से ऑक्सिजन, तोंड रबराने करकचून बांधलेले. आलेली पिशवी लगेच फोडत नाहीत. ती तशीच धरणाच्या पाण्यावर पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवतात, आतले-बाहेरचे तापमान एक होऊ देतात, मग तोंड सोडून बाहेरचे पाणी थोडे थोडे आत घेतात. बोटुकल्या आपणहून बाहेर पडल्या पाहिजेत. घाईने उलटी केलेली पिशवी म्हणजे त्या वर्षीचा तोटा.

आज सोडले जाणारे बीज नेमक्या कोणत्या नदीचे, हे सांगणेही आता कठीण झाले आहे. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोडे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने १९९२ पासून नॉर्वेच्या सहकार्याने राहूची निवड पद्धतीने पैदास सुरू केली. गंगा, यमुना, गोमती, सतलज, ब्रह्मपुत्रा अशा पाच नद्यांचे राहू आणि संस्थेतले स्वतःचे मासे एकत्र केले. प्रत्येक माशाच्या अंगात ओळखीची चिप, कोणाचे पिल्लू किती वाढले याची नोंद, जलद वाढणाऱ्यांची पुढची पिढी. दर पिढीला वाढीत सुमारे सतरा टक्के फरक पडत गेला. स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवात हा वाण बाहेर आला म्हणून त्याचे नाव ‘जयंती’. गोदावरीच्या खोऱ्यातल्या तळ्यात वाढणाऱ्या जयंती राहूच्या अंगात उत्तरेतल्या पाच नद्या वाहत असतात.

पाणी सरकारचे, जाळे भोयाचे

जलाशयाचे पाणी पाटबंधारे खात्याचे, त्यातली मासेमारी मत्स्यव्यवसाय खात्याकडे, आणि प्रत्यक्ष जाळे टाकणारे बहुतेक भोई समाजाचे. मध्ये मच्छीमार सहकारी संस्था असते. ती ठेक्याने तलाव घेते, ठेक्याची रक्कम भरते, बीज विकत घेऊन सोडते, सभासदांकडून मासळी जमा करते. ज्या संस्थेकडे भांडवल असते ती हे सगळे स्वतः करते. ज्यांच्याकडे नसते, तिथे व्यापारी आगाऊ पैसे देतो आणि मग भाव त्याचा चालतो. सभासदाला किलोमागे मजुरी मिळते. कागदावर तो संस्थेचा मालक असतो.

जाळे तंगुसाचे, म्हणजे नायलॉनच्या पारदर्शक धाग्याचे. संध्याकाळी पाण्यात उभे सोडायचे, पहाटे उचलायचे. आसाची, म्हणजे जाळ्याच्या छिद्राची, रुंदी ठरवते काय अडकणार. मोठ्या आसाच्या जाळ्यात किलोभराच्या वरचा राहू कल्ल्यांपाशी अडकतो, लहान सुटतो आणि पुढच्या वर्षी मोठा होतो. हातखर्चाची नड पडली की आस लहान होते. होडी सगळ्यांना परवडत नाही, म्हणून थर्माकोलचे जाड तुकडे बांधून केलेल्या तराफ्यावर बसून, हाताने किंवा फळकुटाने पाणी मारत माणसे खोल पाण्यात जातात. वारा सुटला की येलदरीसारख्या पसरलेल्या पाण्यावर लाटा येतात, आणि पाण्याची इतकी वर्षांची ओळख असूनही दरवर्षी कुठे ना कुठे तराफा उलटल्याची बातमी येते.

राहू जाळ्यात शांत बसत नाही. उसळी मारण्यात तो पटाईत. ओढजाळे आवळत आणले की सगळ्यात आधी दोरावरून उडी मारणारा हाच. म्हणून तळ्यात जाळे ओढताना दोन माणसे फक्त वरचा दोर पाण्याच्या वर धरायला ठेवतात.

सकाळी आठाच्या आत मासळी काठावर येते, वजन होते, बर्फ पडतो. बर्फ आणि वाहन हीच खरी अडचण. उन्हाळ्यात औंढ्याच्या किंवा सेनगावच्या रस्त्यावर दोन तास गेले की कल्ल्यांचा लाल रंग तपकिरी व्हायला लागतो आणि भाव त्याच्याबरोबर उतरतो. त्याच बाजारात आंध्रातून आलेला राहू थर्माकोलच्या पेट्यांत, ठेचलेल्या बर्फात, एकसारख्या मापाचा मांडलेला असतो. कृष्णा-गोदावरीच्या मुखाजवळच्या कोल्लेरू परिसरातल्या हजारो तळ्यांतून हा मासा देशभर जातो. हिंगोलीचे पाणी पूर्णेतून आणि पैनगंगेतून शेवटी गोदावरीलाच मिळते आणि तिच्यासोबत आंध्रात उतरते. मासा तिकडून ट्रकने वर येतो. चवीच्या बाबतीत गिऱ्हाईक ठाम असते. धरणाचा राहू घट्ट, तळ्याचा चरबट. दोन्हीचा रस्सा मात्र एकाच वाटणात होतो: भाजलेले सुके खोबरे, तीळ आणि काळा मसाला; सोबत ज्वारीची भाकरी. मुंडी वेगळी शिजते आणि घरातल्या जाणत्याच्या ताटात जाते. काटे बारीक, दुफाटे, मांसात लपलेले. लहान मुलांना पोटाकडची तुकडी देतात.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. वीज, कर्ज आणि विमा यांत शेतकऱ्याला मिळणाऱ्या सवलती मत्स्यशेतीला मिळाव्यात हा हेतू. शेततळे खोदून त्यात राहू-कटला सोडणाऱ्याला याचा उपयोग सरळ आहे. थर्माकोलवर बसून दुसऱ्याच्या पाण्यात जाळे टाकणारा माणूस या व्याख्येत कुठे बसतो, हे अंमलबजावणीत ठरेल. राज्याने २०२३ मध्ये राज्यमासा जाहीर केला तेव्हा तो मान पापलेटला गेला. समुद्र न पाहिलेल्या जिल्ह्यांनी त्यावर फारशी तक्रार केली नाही.

इथला तांबडा

गोदावरी, भीमा, कृष्णेच्या पट्ट्यात जुने मच्छीमार एका माशाला तांबीर किंवा तांबरा म्हणतात. शास्त्रीय नाव ‘लेबिओ फिम्ब्रिएटस’. राहूचा सख्खा चुलतभाऊ. लेबिओ हे आडनाव दोघांचे एक. ओठांना तशीच झालर, किंबहुना अधिक ठळक, त्यावरूनच त्याला फिम्ब्रिएटस म्हणजे झालरवाला हे नाव मिळाले. खवल्यांवर आणि परांवर तांबूस झाक. फरक एवढाच की हा दख्खनचा मूळ रहिवासी आहे. उत्तरेने माशाला संस्कृतातून तांबडा म्हटले, दख्खनने मराठीतून. सोमेश्वराच्या दरबारी ग्रंथातला रोहित कदाचित हाच असेल, असा तर्क करायला जागा आहे; तर्कापुढे जायला नाही.

दख्खनच्या माशांना त्यांच्या गावठी नावांनिशी शास्त्रात नेणारा माणूसही एक लष्करी अधिकारी होता. कर्नल विल्यम साइक्स, मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी. पुण्याभोवतीच्या नद्यांतले मासे त्याने जमवले आणि १८३९च्या सुमारास त्यांची वर्णने प्रसिद्ध केली. त्याची लॅटिन यादी मराठी वाचकाने मोठ्याने वाचावी. ‘शिंगटी’, ‘गोगरा’, ‘खुदरी’, ‘कोळस’, ‘टाकरी’. सगळी नदीकाठची माणसे जशी बोलली तशी. ‘रोहटी’ हे तर त्याने एका अख्ख्या प्रजातिगटाचे नाव करून टाकले. शंभराहून अधिक वर्षांनी, १९५२ मध्ये, चं. वि. कुलकर्णी यांनी दुसऱ्या माशांचे खवले खाणाऱ्या एका छोट्या माशाचे वर्णन केले, आणि त्याचे नाव ठेवले ‘खवलचोर’. ते आजही चालू आहे.

तांबिराचे दुर्दैव त्याच्या वाढीत आहे. एका वर्षात राहू जितका होतो तितका तो होत नाही. त्यालाही अंडी घालायला वाहते पाणी हवे. धरणांनी जशी राहूची वाट अडवली तशीच त्याची अडवली, पण राहूसाठी हॅचऱ्या उभ्या राहिल्या. पूर्णा, कयाधू, पैनगंगा यांचे डोह उन्हाळ्यात आटतात, वाळू उपसली जाते, आणि उरलेल्या पाण्यात चिलापी पसरते. चिलापीला पूर लागत नाही, हॅचरी लागत नाही, ती तळाशी खळगा करून अंडी घालते आणि पिल्ले तोंडात सांभाळते.

तांबिराची पैदास करता येत नाही असे नाही. बंगळुरूजवळच्या हेसरघट्टा इथल्या संशोधन केंद्रात दख्खनी कार्पवर, त्यात फिम्ब्रिएटसवरही, काम चालते. इंजेक्शनला तो राहूसारखाच प्रतिसाद देतो, आणि कटला-राहूबरोबर एका तळ्यात राहतो. अडचण मागणीची आहे. संस्था बीज मागवते तेव्हा त्या कागदावर राहू, कटला, मृगळ, सायप्रिनस (म्हणजे कॉमन कार्प), गवत्या आणि चंदेरा असे ठरलेले रकाने असतात. तांबिरासाठी रकाना नाही. खातेही त्याच रकान्यांप्रमाणे बीज देते, हॅचरीवालाही तेवढेच तयार करतो. पावसाळ्याच्या तोंडावर कधी एखादा तांबीर जाळ्यात येतोच. तो राहूच्या घमेल्यात पडतो आणि राहूच्याच भावाने विकला जातो.